झेरॉक्सच्या दुकानातलं मॅन्युअल

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. विषय आहे सिम्युलेशन गेमचं मॅन्युअल. छापील बरं की डिजिटल? गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला तीन-चार जणांनी विचारला आणि दरवेळी मी फोनवर पाच मिनिटांत काहीतरी सांगून मोकळा झालो. आज सविस्तर बोलतो. ज्यांना गेमशी काही देणंघेणं नाही त्यांनीही थांबा, कारण यात विमान आहे, लोडशेडिंग आहे आणि आमच्या जालन्याचं झेरॉक्सचं दुकानही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाकीचे गेम तुम्ही बटणं दाबत दाबत शिकता. मेलात तर पुन्हा सुरू, चौथ्या वेळी जमतं. सिम्युलेटरचं तसं नाही. तिथे खऱ्या यंत्राची नक्कल असते. सेस्ना १७२ हे साधं चार सीटचं विमान घ्या. ते सुरू करायचं तर मास्टर स्विच चालू, मिक्स्चर पुढे, थ्रॉटल थोडा उघडा, मग मॅग्नेटोची चावी स्टार्टपर्यंत फिरवायची. यातलं एक सुटलं की पंखा नुसता घरघर करून थांबतो. काय चुकलं ते स्क्रीनवर कुणी सांगत नाही. त्यामुळे या प्रकारात मॅन्युअल म्हणजे खोक्यात आलेला जादाचा कागद नव्हे. निम्मा गेम त्यातच असतो.

परदेशातल्या जुन्या खेळाडूंना विचारा, ते या पुस्तकांबद्दल जुन्या वाड्याबद्दल बोलावं तसं बोलतात. १९८९च्या सिमसिटीच्या पुस्तिकेत शहरं कशी वाढत गेली, नगररचना म्हणजे काय, यावर चक्क एक निबंध होता. मायक्रोप्रोजचा फाल्कन ४.० हा एफ-१६ विमानाचा सिम्युलेटर १९९८च्या डिसेंबरमध्ये आला, तो सुमारे ६०० पानांच्या मॅन्युअलसकट, आणि तेही रिंग बाइंडरमध्ये. म्हणजे हवं ते पान काढून कीबोर्डशेजारी ठेवता यायचं. कुणीतरी विचार करून केलेली गोष्ट आहे ती.

आणि पुस्तकाचा दुसरा उपयोग कुलपासारखा होता. मायक्रोप्रोजच्याच एफ-१९ स्टेल्थ फायटरमध्ये गेम सुरू होताना एका विमानाची आकृती दाखवायचे आणि हे कोणतं विमान ते विचारायचे. उत्तर पुस्तकात. सिमसिटीने तर संकेत गडद लाल कागदावर छापले होते, कारण त्या काळी त्याची झेरॉक्स काळीकुट्ट निघायची. म्हणजे पुस्तक नसेल तर खेळ बंद.

आता खरा मुद्दा. ही खोकी जालन्यापर्यंत कधी आलीच नाहीत. निदान आमच्या गल्लीपर्यंत तरी नाही. आमच्याकडे गेम यायचा तो प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटातल्या सीडीवर, वर मार्करने नाव लिहिलेलं, तेही स्पेलिंग चुकवून. खोकं नाही, पुस्तक नाही, लाल कागद नाही. कुलूप आधीच कुणीतरी तोडलेलं. त्यामुळे इंग्रजीतले लेख वाचताना 'छापील मॅन्युअलचे ते सोनेरी दिवस' वगैरे आलं की मला थोडं हसू येतं. आमच्याकडे क्रम उलटा होता. आमचं पहिलं मॅन्युअल पीडीएफच होतं. कागद नंतर आला, आणि तो आम्हीच आणला.

झालं असं. आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी शाळेत होतो, आणि लोडशेडिंग जोरात होतं. तुमच्यातले मराठवाड्यातले लोक तो काळ विसरले नसतील. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि लाइट त्या वेळापत्रकाआधीच जायची. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे २००३च्या आणि नंतर २००६च्या आवृत्तीत, लर्निंग सेंटर नावाचा भाग होता. रॉड मचाडो नावाच्या वैमानिक-शिक्षकाचे धडे त्यात होते. विनोदी माणूस, समजावून सांगण्यात हातखंडा. म्हणजे डिजिटल मॅन्युअल होतं, आणि चांगलं होतं. पण ते स्क्रीनच्या आत होतं. लाइट गेली की विमानही गेलं आणि विमान शिकवणारा गुरुजीही गेला.

आणि लाइट असली तरी कॉम्प्युटर एकच, स्क्रीन एकच, सतरा इंची. मॅन्युअल उघडायचं तर ऑल्ट-टॅब करून विमान सोडायचं, तीन ओळी वाचायच्या, परत यायचं. तोवर विमान डोंगरात. वेग कमी झाला की काय करायचं हे वाचायला जाईपर्यंत वेग संपलेला असतो. हा काही कागदप्रेमी लोकांचा हळवेपणा नाही, साधा जागेचा प्रश्न आहे. ज्या स्क्रीनवर काम चालू आहे त्याच स्क्रीनवर कामाची पुस्तिका मावत नाही. आज ज्यांच्याकडे दोन मॉनिटर आणि वर एक टॅब्लेट आहे त्यांचा हा प्रश्न सुटलाय. पण ते किती जण?

असो. तर आम्ही काय केलं, पेन ड्राइव्ह घेतला आणि गेलो झेरॉक्सच्या दुकानात. पानाला रुपया. सगळं मॅन्युअल छापायचे पैसे नव्हते, म्हणून कुठली पानं हवीत हे आधी ठरवावं लागलं. आता वाटतं, त्या ठरवण्यातच आमचं अर्धं मॅन्युअल वाचून झालं. चेकलिस्ट, कीबोर्डची यादी, कॉकपिटची आकृती आणि लँडिंगचा धडा. पाठपोट छापून स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिक. दुकानदाराला वाटलं कॉलेजचा प्रोजेक्ट आहे.

घरी आल्यावर कळलं की रंग गेले. विमानाच्या वेगमापकावर रंगीत पट्टे असतात. पांढरा पट्टा म्हणजे फ्लॅप उघडायला चालतील असा वेग, हिरवा म्हणजे नेहमीचा वेग, पिवळा म्हणजे हवा शांत असेल तरच, आणि शेवटी लाल रेघ, जिच्यापुढे जायचंच नाही. झेरॉक्समध्ये सगळे पट्टे एकाच करड्या रंगाचे. मग स्केचपेन घेऊन ते रंगवत बसलो. सांगायची गोष्ट ही की ते पट्टे मला आजही पाठ आहेत. पीडीएफमध्ये ते रंगीतच होते आणि मी ते तिथे शंभर वेळा पाहिले होते, पण पाठ झाले नव्हते.

तसंच समासात लिहिण्याचं. मॅन्युअल इंग्रजीत, आमचं शिक्षण मराठी माध्यमात. 'मिक्स्चर'च्या शेजारी लिहिलं होतं: पेट्रोल आणि हवेचं प्रमाण, वर गेलं की हवा विरळ, पेट्रोल कमी करा. 'स्टॉल' शब्दाखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: इंजिन बंद पडणं नाही! कारण आम्हाला आधी तसंच वाटायचं. स्टॉल म्हणजे पंख हवेला फार तिरपे झाले की पंखांना उचल मिळेनाशी होते. इंजिन जोरात चालू असतानाही होतो. हे एक वाक्य मराठीत लिहून झाल्यावर नाक खाली करायचं हे डोक्यात बसलं. पीडीएफमध्येही टिपा लिहिता येतात, माहीत आहे मला. पण त्या मराठीत टाइप करून पाहा कुठल्याही जुन्या कॉम्प्युटरवर. चौकोन दिसायचे चौकोन.

इथे एमएस-सीआयटीची आठवण काढायला हरकत नाही. २००१पासून हा कोर्स महाराष्ट्रभर चालू आहे, आणि आमच्या भागात कित्येक जण कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी त्याचं पुस्तक घरी आणून वाचायचे. क्लासमध्ये मशीन तासभर, पुस्तक मात्र दिवसभर. माझ्या मावशीने माऊस हातात धरायच्या आधी राइट क्लिक म्हणजे काय ते वाचून घेतलं होतं. सिम्युलेटरही तसाच आहे. मशीनसमोरचा वेळ थोडा आणि महाग, वाचायचा वेळ भरपूर.

आता तुम्ही म्हणाल, हा कागदाचाच माणूस दिसतोय. तसं नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि छापील मॅन्युअल जुनं कसं होतं ते मला रोज दिसतं. फाल्कन ४.०चंच घ्या. गेम बाहेर आला तेव्हा त्यात ढीगभर चुका होत्या. मग दुरुस्त्या येत गेल्या, आणि ते देखणं रिंग बाइंडर हळूहळू खोटं बोलायला लागलं. पुढे चाहत्यांनीच त्या गेमचं फाल्कन बीएमएस नावाचं रूप तयार केलं, जे आजही चालू आहे, आणि त्याची मॅन्युअल पीडीएफमध्ये आहेत. ती दर आवृत्तीबरोबर बदलतात. डीसीएसच्या ए-१० विमानाचं मॅन्युअल साडेसहाशेच्या वर पानांचं आहे. छापणार कोण, आणि छापलं तरी त्यात 'जनरेटर' कुठे कुठे आलाय हे शोधणार कसं? कंट्रोल-एफ ही गोष्ट कागदावर होत नाही. शिवाय ज्यांना दिसत नाही त्यांना पीडीएफ निदान स्क्रीन रीडरने ऐकता येते. चक्स गाइड्स नावाच्या मोफत पुस्तिका आहेत, एकाच माणसाने चिकाटीने केलेल्या, कॉकपिटच्या फोटोवर बाण काढून एकेक स्विच दाखवलेला. डिजिटल नसतं तर त्या जालन्यातच काय, पुण्यातही पोचल्या नसत्या.

खरे वैमानिकसुद्धा इकडेच आले. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३पर्यंत कॉकपिटमधल्या सुमारे १६ किलो कागदांच्या बॅगा काढून आयपॅड दिले. इंधन वाचलं, नकाशे ताजे राहिले. मग २०१५च्या एप्रिलमध्ये एके दिवशी ते नकाशांचं अ‍ॅपच बंद पडलं आणि काही डझन विमानं जमिनीवर थांबून राहिली. लोडशेडिंग त्यांच्याकडेही असतं म्हणायचं, फक्त नाव वेगळं.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. २०१०च्या एप्रिलमध्ये युबिसॉफ्टने जाहीर केलं की कन्सोलच्या गेमबरोबर छापील मॅन्युअल देणं बंद करणार, पर्यावरणासाठी. झाडं वाचतात, ठीक. खर्चही वाचतो, ते मागून हळूच. पण नंतर बऱ्याच कंपन्यांचं झालं असं की कागदाबरोबर मॅन्युअल लिहिणाऱ्या माणसालाही काढलं. तेच पुस्तक पीडीएफमध्ये आलं असतं तर तक्रार नव्हती. आलं काय, तर खेळताना मध्येच उगवणाऱ्या चौकटी, 'पुढे जाण्यासाठी हे बटण दाबा'. बाकीचं व्हिडिओ बघून शिका.

व्हिडिओ वाईट नाहीत. लँडिंग कसं दिसतं हे दोनशे शब्दांपेक्षा वीस सेकंदांत कळतं. पण व्हिडिओत शोधायचं कसं? तेवीस मिनिटांच्या व्हिडिओत फ्लॅपबद्दलचं वाक्य चौदाव्या मिनिटाला आहे, हे ज्याने तो पूर्ण बघितला त्यालाच माहीत. बोलणारा भरभर इंग्रजीत किंवा हिंदीत बोलतो, स्पेलिंग दिसत नाही, डिक्शनरीत बघता येत नाही. गावाकडे नेट अडखळलं की शिकवणी अडखळली. आणि मुख्य म्हणजे क्रम नसतो. मॅन्युअल लिहिणाऱ्याला आधी काय आणि मग काय हे ठरवावंच लागतं. ते काम कुणीच केलं नाही तर प्रत्येक शिकणाऱ्याला ते स्वतः करावं लागतं, तेही काहीच येत नसताना. म्हणून छापील विरुद्ध डिजिटल हे भांडण मला दुय्यम वाटतं. नीट लिहिलेलं मॅन्युअल असलं तर ते कागदावर आणायला रुपया-दोन रुपये पान. लिहिलेलंच नसेल तर झेरॉक्सवाला काय छापणार?

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पुढची आवृत्ती १८ ऑगस्ट २०२०ला आली तेव्हा युरोपात एरोसॉफ्टने तिचं खोकं विकलं. दहा डीव्हीडी आणि सोबत छापील मॅन्युअल. लोकांनी कौतुकाने फोटो काढले. पण गेम मात्र नेटवरून सतत बदलत राहणारा. अशा गेमला जाड पुस्तक देणं म्हणजे दरवर्षी बदलणाऱ्या एसटीच्या वेळापत्रकाची दगडावर कोरलेली प्रत देण्यासारखं आहे. बदलत नाही तेवढंच छापावं. हवेचे नियम बदलत नाहीत, सेस्नाचे वेग बदलत नाहीत, चेकलिस्ट सहसा बदलत नाही. मेनूमध्ये कुठलं बटण कुठे, ते स्क्रीनवरच राहू द्या.

आता सध्या मी काय करतोय ते सांगतो, कारण त्यासाठीच खरं तर हा भाग आहे. परतूरला माझा मामेभाऊ आहे, अकरावीला. त्याला विमानाचं वेड. घरी जुना कॉम्प्युटर, नवीन सिम्युलेटर त्यावर उघडणारही नाही. म्हणून त्याला फ्लाइटगिअरची एक जुनी आवृत्ती टाकून दिली. हा मोफत, खुला सिम्युलेटर आहे, १९९०च्या दशकापासून स्वयंसेवक चालवतात. त्याचं मॅन्युअल उत्तम आहे आणि जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे ते उतरवून घ्या, बदला, भाषांतर करा, छापून वाटा, फक्त पुढच्या माणसालाही तीच मोकळीक द्या. विकतच्या गेमच्या मॅन्युअलचं असं करता येत नाही, हे लक्षात घ्या.

त्या मॅन्युअलमध्ये एक लांबचं उड्डाण शिकवणारा धडा आहे, कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यूपासून लिव्हरमोरपर्यंत. पोराने तो वाचला आणि म्हणाला, "दादा, हे लिव्हरमोर कुठंशी आलं? आपल्याकडचं नाही का काही?" मग मी तो धडा मराठीत नव्याने लिहायला घेतला, चिकलठाण्यापासून जालन्यापर्यंत. नकाशा उघडून बघितलं तर मजाच. चिकलठाणा विमानतळ जालना रोडलाच लागून आहे. धावपट्टीचा आकडा ०९, म्हणजे ९० अंश, सरळ पूर्व. आणि जालना तिथून जवळजवळ सरळ पूर्वेलाच, हवाई अंतर साधारण ५० किलोमीटर, २७ नॉटिकल मैल. उड्डाण केलं, नाक तसंच ठेवलं, शंभर नॉटने गेलात तर सोळा-सतरा मिनिटांत जालन्यावर. वाटेत करमाड, बदनापूर. खालचं दृश्य हुबेहूब नसतं, पण दिशा आणि अंतर खरं असतं.

आणि नुसतं भाषांतर केलं असतं तर घोटाळा झाला असता. कॅलिफोर्नियातला तो विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. चिकलठाणा सुमारे १९०० फुटांवर. तिकडचं मॅन्युअल वाचून कुणी 'हजार फुटांवर सरळ व्हा' असं इथे करायला गेला तर तो जमिनीखाली नऊशे फुटांवर असेल! विमान जमिनीवर उभं असतानाच उंचीमापक १९०० दाखवतो, आणि पोराला वाटतं बिघडलाय. म्हणून आमच्या धड्यात 'जमिनीपासून हजार फूट, म्हणजे काट्यावर २९००' असं लिहिलंय, ठळक.

चोवीस पानं झाली. दिवाळीत परतूरला तीच छापून नेली. मी गप्प बसून बघत होतो. तीन पोरं, कॉम्प्युटर एक. मला वाटलं एक खेळेल आणि दोघं मोबाइल काढतील. झालं वेगळंच. भाऊ खुर्चीवर, आणि त्याच्या मित्राने पुस्तिका उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मास्टर स्विच?" "चालू." "मिक्स्चर?" "पूर्ण पुढे." "फ्लॅप?" "वर." तिसरा नकाशाच्या पानावर बोट ठेवून बदनापूर आलं का बघतोय. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण खऱ्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिक चेकलिस्ट अशीच करतात, एक विचारतो, दुसरा तपासून उत्तर देतो. पीडीएफ त्याच स्क्रीनवर असती तर हे दोघं नुसते प्रेक्षक राहिले असते. एकाच कॉम्प्युटरवर तीन जण शिकत होते, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आता पुस्तिकेत वाचणाऱ्याची आणि उत्तर देणाऱ्याची ओळ वेगळी छापतोय.

फाइल मी पीडीएफ म्हणूनच ठेवणार आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा आकडा आणि तारीख, म्हणजे तुमच्या हातातला कागद जुना आहे का ते कळेल. बदल झाला तर तेवढंच पान पुन्हा छापा. त्यासाठी स्पायरलऐवजी फाइलला भोकं पाडून लावायचं ठरवलंय. फाल्कनचं रिंग बाइंडर, पण परतूरच्या स्टेशनरीच्या दुकानातलं, चाळीस रुपयांचं. पट्ट्यांची आकृती काळीपांढरीच छापणार आहे आणि खाली लिहिणार आहे, रंग तुम्ही भरा.

लँडिंगचा धडा अडलाय, शब्दांसाठी. 'फ्लेअर', म्हणजे चाकं टेकायच्या क्षणभर आधी नाक हळूच उचलणं, याला मराठीत काय म्हणावं? भाऊ म्हणतो, "कावळा कुंपणावर बसताना करतो ना, तसं." वाक्य चांगलं आहे, ते ठेवलंय, पण एक शब्द हवा. 'ट्रिम'चंही तसंच. एक चाक फिरवून हाताचा जोर कमी करायचा, त्याला मी तूर्त 'ट्रिम'च लिहिलंय. तुमच्याकडे, घरात, शेतात, वर्कशॉपमध्ये असल्या गोष्टीला काही शब्द वापरत असतील तर कळवा. पुढच्या आवृत्तीत घालतो.